शिंत्रे बाईंचे ठोके

शिंत्रे बाई पळताना बोलत. एखाददुसरं वाक्य नव्हे, सलग बोलत. भरल्या वांग्यांचा मसाला, शाळेतल्या कुठल्या मुलीनं लांब उडीत जिल्ह्यात नंबर काढला ते, नातू काल रात्री किती वेळा उठला ते, काहीही. मधेच शेजारी पळणारीला प्रश्न विचारत. उत्तर देताना तिला धाप लागली, एखादा शब्द गिळला गेला, की बाई लगेच पळणं थांबवून चालायला लागत. म्हणत, "चाल आता. बोलता येईना म्हणजे तू पळत नाहीस, नुसती धडपडतीयस."

त्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या दोन हजार वीसच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, पॉइंट कुकला, समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटेवर. मेलबर्नमध्ये लॉकडाउन होता. मी पुण्याहून युनिव्हर्सिटीत शिकायला म्हणून आले आणि इथलीच झाले. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, पेरोलची नोकरी लागली, एकटीपुरतं छोटं युनिट, म्हणजे फ्लॅटच, घेतलं. आता नोकरीही त्याच युनिटच्या स्वयंपाकघरातून चालली होती. मी ज्या मॅरेथॉनसाठी नाव दिलं होतं ती रद्द झाली, तरी मी ट्रेनिंग सोडलं नाही, कारण घराबाहेर पडायला तेवढंच एक कारण उरलं होतं. मनगटावर हार्ट रेट मॉनिटरचं नवं कोरं घड्याळ होतं. ते मला रोज एकशे ऐंशी ठोके दाखवायचं आणि मला वाटायचं, वा, काय मेहनत करतेय मी.

त्या दिवशी मी एका बाईंना मागे टाकून पुढे गेले. साठीच्या आसपास वय, सलवार-कमीज, त्यावर कुणातरी पुरुषाचं ढगळ जॅकेट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. इतक्या हळू पळत होत्या की मला गंमत वाटली. पंचवीस मिनिटांनी मी कुंपणाला धरून वाकून उभी होते, पोटात पेटका आला होता, आणि त्याच चालीनं त्या मागून आल्या. थांबल्या.

"मराठी ना गं तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"'आई गं' म्हणालीस की आत्ता." मग माझ्या मनगटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय ते?"

"एकशे शहाऐंशी."

"आणि तू काय केलंस त्याचं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं, "अगं, ते बिचारं घसा ताणून सांगतंय, थांब म्हणून. तू बघतीस आणि तशीच पळतीस. मग घातलंयस कशाला?"

बाई मिरजेच्या. एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. लेकीच्या, अपर्णाच्या, बाळंतपणासाठी फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या बोलीवर आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्यांचे यजमान, अण्णा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मिरजेच्या घरात एकटे होते. अपर्णाचं घर माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे होतं. नियमाप्रमाणे व्यायामाला एका माणसाला सोबत घेता यायचं. दुसऱ्या दिवसापासून माझं ते एक माणूस म्हणजे शिंत्रे बाई.

त्यांचं घड्याळ म्हणजे त्यांची दोन बोटं. गळ्याशी टेकवायच्या, माझ्या घड्याळात पंधरा सेकंद बघायच्या आणि चारनं गुणायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या घड्याळाची परीक्षाच घेतली. ते स्वतःच्या मनगटावर बांधलं, खालचा हिरवा दिवा उलटसुलट करून पाहिला. "हा आत बघतोय व्हय?" मग पळून आल्यावर एका हाताची बोटं गळ्यावर ठेवून दुसऱ्या हाताकडे बघत राहिल्या. बोटांनी एकशे चोवीस सांगितलं, घड्याळानं एकशे पंचवीस. "बरंय," म्हणाल्या. "खोटं बोलत नाही."

मला त्यांनी एकशे चाळीसची हद्द घालून दिली. आकडा त्याच्या वर गेला की चालायचं, खाली आला की पळायचं. वाचायला सोपं वाटतं. मला पहिले तीन आठवडे जवळजवळ चालावंच लागलं. जरा चढ आला, वारा समोरून आला, की घड्याळ पीं पीं करायचं. स्कूटरवरची शाळकरी पोरं "हाय मेट" म्हणत मला मागे टाकून जायची. एकदा चिडून मी म्हणाले, "बाई, असं पळून माझी मॅरेथॉन दोन दिवस चालेल."

"चालू दे की. तुला कुठं जायचंय? पाच किलोमीटरच्या बाहेर सरकार सोडत नाही." थोडं अंतर तसंच गेल्यावर मात्र वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही म्हणून सगळा जीव इथंच काढून टाकतीस व्हय गं, मुग्धा?"

घड्याळ तेव्हा एकशे तेवीस दाखवत होतं. बोलता येत होतं. तरी मला बोलता आलं नाही.

त्यानंतर मी ऐकायला लागले. सहा-सात आठवड्यांनी तोच रस्ता, तेच एकशे चाळीस, पण किलोमीटरमागे दीड मिनिट कमी लागायला लागलं. मी आनंदानं किंचाळले तर बाई म्हणाल्या, "ओरडू नको, ठोके वाढतील." दमानं पळलं तर दम टिकतो, हे त्यांचं रोजचं वाक्य. मिरजेच्या मैदानावर तीस वर्षं मुलींना तेच सांगत आल्या होत्या, घड्याळाशिवाय. गुरुवारी त्या पळता पळता मला पदार्थ सांगायच्या आणि मी घरी जाऊन तो करायचा असा नेम होता. मी केलेल्या पहिल्या झुणक्याचा फोटो पाहून त्यांनी इतकंच लिहिलं होतं, 'हा झुणका आहे असं तू म्हणतेस म्हणून.'

सप्टेंबरातल्या एका सकाळी मी त्यांना माझं आधीचं, जुनं घड्याळ आणून दिलं; ठोके तेही दाखवायचं. सहज, गंमत म्हणून. आम्ही निघालो. बाई त्या दिवशी बोलत नव्हत्या. मला वाटलं, झोप झाली नसेल, बाळ रडलं असेल. पाच मिनिटांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं तर एकशे अठ्ठेचाळीस. आम्ही जवळजवळ चालतच होतो.

"पट्टा सैल असेल बाई," मी म्हणाले आणि पट्टा आवळून दिला. एकशे पन्नास. मी घड्याळाची मागची काच माझ्या बाहीला पुसली. एकशे एकावन्न.

"घड्याळ बरोबर आहे गं," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "अण्णांना रात्री ॲडमिट केलंय. ऑक्सिजन लावलाय."

मी दीड मीटर सोडून उभी होते. तसाच नियम होता. समोर समुद्र करड्या रंगाचा, सपाट पसरला होता. बाई त्याच्याकडे बघत बोलत राहिल्या, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना.

"जूनमध्ये विमानात जागा मिळाली होती. नाव आलं होतं माझं. मीच सोडली. अपर्णा तेव्हा भिंतीकडं तोंड करून निजायची, बाळाला घ्यायची नाही. ह्यांना फोन केला तर म्हणाले, राहा, मला काय होतंय. स्वतः भाकरी थापायला शिकलोय म्हणाले." त्यांनी घड्याळ काढून हातात घेतलं. "लेकीला सोडून गेले असते तर तिचं वाईट वाटलं असतं. आता ह्यांचं. बाईमाणसाला कुठंतरी कमी पडावंच लागतं बघ."

मी नियम मोडला आणि त्यांच्या शेजारी बसले.

अण्णा सतरा दिवस दवाखान्यात होते. रोज सकाळी बाई पायवाटेवर यायच्या, पळायच्या नाहीत, चालायच्या, आणि एका हातात फोन असायचा. मी दुपारी कामाच्या फायली बंद करून परतीच्या विमानाच्या याद्या बघायचे, दूतावासाच्या फॉर्मवर त्यांचं नाव घालायचे. अण्णा बरे होऊन घरी आले त्याच आठवड्यात बाईंना जागा मिळाली.

एअरपोर्ट आमच्या पाच किलोमीटरच्या बाहेर, त्यामुळे मी अपर्णाच्या दारातच निरोप घेतला. बाई साडी नेसल्या होत्या. मी त्यांना साडीत पहिल्यांदाच पाहत होते. कॅनव्हासचे बूट मात्र तेच. माझं जुनं घड्याळ मी त्यांना ठेवून घ्यायला लावलं. त्यांच्या फोनवर ॲप घातलं, त्यांच्या नावाचं खातं काढलं आणि पासवर्ड माझ्याजवळच ठेवला, कारण त्या तो विसरणार होत्या. त्यामुळे त्यांचं पळणं माझ्याही फोनवर दिसणार होतं.

"म्हणजे तू तिकडनं माझ्यावर नजर ठेवणार?"

"हो."

"ठेव," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मास्कवरूनच. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यात उभी होते. त्या सकाळी मी पळायला गेले नाही.

मग मिरजेच्या सकाळी माझ्याकडे यायला लागल्या. तिकडे उजाडायचं तेव्हा माझ्याकडे दुपार व्हायला आलेली असायची. मी कुठल्यातरी कंपनीचे पगार करत असायचे आणि फोन हलकेच थरथरायचा. शाळेच्या मैदानाला आठ फेऱ्या, सरासरी एकशे एकवीस. नकाशावर एकाच लंबगोलावर पुन्हा पुन्हा ओढलेली निळी रेघ. कधी मधेच ठोके खाली यायचे आणि रेघ एका जागी थांबायची. मी ओळखायचे, कुणीतरी भेटलं, गप्पा सुरू झाल्या. मी मेसेज करायचे, 'पाचव्या फेरीला कोण भेटलं?' उत्तर यायचं, 'तुला काय करायचंय, काम कर.' आणि पाच मिनिटांनी सगळी हकीकत.

पुढच्या एप्रिलमध्ये एकदा त्यांचे झोपेतले ठोके वाढलेले दिसले. नेहमी चोपन्न असायचे. त्या दिवशी बासष्ट, दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. मी फोन केला.

"काही नाही गं, ऊन फार आहे इकडं."

"बाई, मला दिसतंय."

मग म्हणाल्या, "अंग जरा कसकसतंय. उद्या तपासून येते. अण्णांना बोलू नको."

त्या नऊ दिवसांनी गेल्या. अण्णांना दवाखान्यात आत सोडत नव्हते. अपर्णाला जाता येत नव्हतं. गेली असती तर परत यायला मार्ग नव्हता, आणि बाळ सव्वा वर्षाचं होतं. मी तिच्याकडे जाऊन बसले. फोनच्या पडद्यावर जे काही झालं ते आम्ही दोघींनी पाहिलं आणि बाळ पडद्याला हात लावून "आजी" म्हणालं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

महिन्याभरानं, एका रविवारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. अण्णा होते. मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आवाज खोल, थकलेला.

"मुग्धा ना तू? एक विचारायचं होतं. दवाखान्यातनं तिच्या वस्तू आणल्या, त्यात ते घड्याळ आहे. डॉक्टर मला चालायला सांगतात. मी ते घातलं, तर तिचं पुसलं जाईल का?"

"नाही अण्णा, पुसलं जात नाही. सगळं आहे माझ्याकडे."

"सगळं म्हणजे?"

"प्रत्येक दिवस. किती पळल्या, किती वाजता, किती ठोके."

मग त्यांनी विचारलं, "एखादा वाचून दाखवतीस?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाईंचा मिरजेतला पहिला दिवस उघडला. सहा वाजून दहा मिनिटं, चार फेऱ्या, सरासरी एकशे अठरा, तिसऱ्या फेरीत सात मिनिटं थांबल्या.

"मी होतो तिथं," अण्णा म्हणाले. "काठी टेकत गेलो होतो बघायला. नुकता उठलो होतो आजारातनं. तिनं मला पायरीवर बसवलं, वेळेवर गोळ्या घेत नाही म्हणून रागावली आणि परत पळाली."

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. मग तसं ठरूनच गेलं. मी दोन सकाळी वाचायच्या आणि अण्णांनी ते दिवस सांगायचे. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी सहा फेऱ्या, एकशे तेवीस. "त्या दिवशी चकल्या बिघडल्या. माझ्यावर ढकललंन." एक दिवस नुसत्याच दोन फेऱ्या. "तिच्या बहिणीचं पत्र आलं होतं." आणि एक दिवस बाई चक्क एकशे बावन्नपर्यंत गेलेल्या. मी विचारलं, हे काय? अण्णा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. "कुत्रं मागं लागलं होतं." बाई मला हे कधीच बोलल्या नव्हत्या. कधी कधी अण्णांना काहीच आठवायचं नाही. तेव्हा ते म्हणायचे, "साधाच दिवस असेल गं." साधे दिवस सगळ्यात जास्त होते.

असं दीड वर्षाहून जास्त चाललं. सीमा उघडल्या, अपर्णा मुलाला घेऊन मिरजेला जाऊन आली, मी माझी मॅरेथॉन पळाले, साडेपाच तासांत, शेवटपर्यंत शेजारी पळणारीशी गप्पा मारत. त्यानंतरच्या रविवारी मी यादी उघडली तर खाली फक्त चार सकाळी उरल्या होत्या. मी अण्णांना तसं सांगितलं.

"चारच?"

"चारच."

"मग आज नको," ते म्हणाले. "आज तुझ्याकडं हवा कशी आहे ते सांग."

मी सांगितलं. वारा सुटलाय, समुद्र उसळलाय, पायवाटेवर गर्दी आहे. त्यांनी मिरजेचं सांगितलं. अजूनही अण्णांचा दर रविवारी फोन येतो. आम्ही भाजी, गुडघे, नातवाची शाळा, सगळं बोलतो. त्या चार सकाळी तशाच आहेत. त्या वाचायचा विषय मी काढत नाही, अण्णाही काढत नाहीत.