ओटी भरायला थांबलो म्हणून

जवळ या बरं. असं दारात उभं राहून अनुभव ऐकायचा नसतो. आणि हसू नका गं. "या वयात हिला जीपमधून डोंगर चढायला कोणी सांगितलं होतं?" हे तोंडावर दिसतंय तुमच्या. गावभर चर्चा केलीत, पण मला एक फोन केला का कुणी? राहू दे, आज मीच आलेय तुमच्या हाउन्सलोला. ऐका.

माझी सून मुग्धा हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली की मोठ्या चाकांची गाडी काढते आणि यॉर्कशरच्या डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाते. मला या छंदाचा पहिल्यापासून संशय. दमलेली पोर आनंदासाठी चिखलात कशाला जाईल? म्हटलं, स्वतःच बघू या, आणि बसले शेजारी. तिथे संशय वाढलाच. माणूस नाही, सिग्नल नाही, दोन्हीकडे दगडी बांध. त्यात हिचे नियम. फाटक उघडलं की मागे लावूनच पुढे जायचं, वाट सोडून चाक घालायचं नाही. "अहो आई, गवतात पक्षी अंडी घालतात." मला तर एकही दिसलं नाही.

पुढे ओढा आडवा आला. वाट पाण्यात शिरून पलीकडे निघत होती. मुग्धा म्हणाली, "मागच्या वेळी घोट्याएवढं होतं." पाणी गढूळ होतं, आणि मला गढूळ पाण्याचा भरवसा नाही. म्हटलं, "थांब, अनोळखी पाणी आहे, आधी ओटी भरते." नारळ, खण, तांदूळ पिशवीत होतेच. भक्ती थोडी, भीती जास्त. देवापासून काय लपवायचं!

मी वाकले तोच बांधामागून एक म्हातारा आला. हातात लांब काठी, बरोबर कुत्रं. "काय टाकताय त्यात?" तो माझ्याकडे संशयाने बघतोय, मी त्याच्याकडे. मुग्धाने नदीची पूजा म्हणून सांगितलं. "पूजा करा, पण कापड नको. खाली माझी मेंढरं पाणी पितात." मला राग आला, पण खण उचलला. मग त्याने वाटेच्या मधोमध काठी पाण्यात घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. पुराने खालची वाटच वाहून नेली होती.

मुग्धाचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "गवतावरून वळव ना गाडी!" ती म्हणाली, "नाही, आई. मागे मागेच जायचं." म्हातारा म्हणाला, "शहाणी आहे पोर. चल, मी दाखवतो. घाबरू नको, लव्ह." परक्या पोरीला लव्ह म्हणतो! तिकडे सगळ्यांनाच म्हणतात म्हणे. हा नेतो तरी कुठे? पोलिसांकडे? त्याच्या अंगणात?

अख्खी उतरण आम्ही उलटी चढलो. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला उतार. मागे काय आहे ते मला दिसत नव्हतं. आरशात फक्त त्याचा हात. डावीकडे, थांब, ये. मुग्धा त्या हाताबरहुकूम चाक फिरवत होती आणि मी नामस्मरण करत त्याच हातावर पहारा ठेवत होते. रुंद जागा आली, गाडी वळली. मी नारळ फोडून अर्धा त्याला दिला. त्याने तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि मग खाल्ला. नाव विचारलं तर हात हलवून निघून गेला.

तो कोण, देवाने पाठवला का, यावर मी वाद घालणार नाही. मेंढरांचा मालक असणार, दुसरं कोण! पण आम्ही न थांबता गेलो असतो तर? या प्रश्नाशी आलं की माझे हात जोडले जातात. इतकी वर्षं मला वाटायचं, मन स्वच्छ झालं, शंका संपली की मगच शरण जाता येतं. माझी शंका तर शेवटपर्यंत गेली नाही, तरी त्याने बाहेर काढलंच ना! पोरीने चाक सोडलं नाही आणि हातावरची नजरही काढली नाही. शरण जाणं मी तिच्याकडून शिकले, माझ्या सुनेकडून.

परवा ती म्हणाली, "आई, पुन्हा याल?" हो म्हणून बसलेय, आणि नवा नारळ आत्ताच पिशवीत टाकलाय. तेव्हा मी डोंगरात जायच्या आत एकदा आमच्या घरी वॉटफर्डला येऊन जा गं. हाउन्सलोहून ते काय सातासमुद्रापार आहे? लवकर या, वाट बघते.