न विचारता दिलेल्या सुया

आमच्या मालकांच्या कमरेखाली सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या, सुया टोचून टोचून. त्या आठवल्या की अजून तोंडात कडू पाणी येतं.

मी शिंदखेड्याकडची, सातवीतून शाळा सोडलेली. हे जळगावला डाळमिलमध्ये हमाली करत. नात्यातलं जवळ कोणी नव्हतं. पोती उचलून यांची पाठ गेली. गल्लीतल्या डॉक्टरानं दुखणं थांबवायची सुई दिली, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात हात जोडले. पुढे यांना सुईचीच सवय लागली. माणसानं आत जायचं, कुशीवर वळून पायजमा खाली करायचा, की डॉक्टर सुई खुपसून मोकळा. तोंडाकडे बघणंसुद्धा नाही. "पुन्हा दुखलं तर या."

तेवढ्यानं भागेना तेव्हा हे पहूर गाठत, एरंडोल गाठत. तिथेही तीच सुई. काल कुठे घेतली, हे एकानंही विचारलं नाही.

एकदा हे मोरीत पडले. ओठ निळे, श्वास अडकत अडकत येतोय. शेजाऱ्यांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या गाठी चाचपल्या.

"कोण कोण देतं, ताई?"

मी भीत भीत तिघांची नावं सांगितली. बाईंनी माझ्यासमोर फोन लावले. एरंडोलचा म्हणे, पेशंट आणखी कुठे जातो ते मला काय ठाऊक?

"विचारलं असतं तर कळलं असतं," बाई म्हणाल्या. "मला फोन केल्याशिवाय या माणसाला सुई द्यायची नाही," असं त्यांनी त्याच्याकडून आणि पहूरच्याकडून कबूल करून घेतलं. गल्लीतला मात्र उलटा भांडला, "माझा पेशंट तोडता का?" औषधं तपासणाऱ्या साहेबाला पाठवते, असं बाईंनी म्हटल्यावर नरमला. लाजेनं नव्हे, भीतीनं. शिसारी आली मला.

घरी आल्यावर काही दिवसांतच हे न सांगता एरंडोलच्या एसटीत बसले. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी परतले ते घामानं निथळत, चप्पल भिरकावत.

"बठ्ठा डॉक्टर एक व्हई गयात! तू बी त्यासमा शे का?"

"हा, शे," मी म्हणाले. सगळे डॉक्टर एक झाले होते, आणि मीही त्यांच्यातच होते.

ते भिंतीला टेकून बसले. मी कढीची वाटी त्यांच्या तोंडाला लावली. दोन घोट घेऊन म्हणाले, "चाल मंग, त्या बाईकडे."