तिसरी हाक

आमच्या थोरल्या साडूंना न्यायला यम आला आणि त्याने एकदाच हाक मारली, तर त्याला रेड्यासकट रिकाम्या हाताने परत जावं लागेल, याबद्दल अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुमत नाही. हे गृहस्थ कुणाच्याही पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्या हाकेला नुसती मान जराशी तिरकी करतात, म्हणजे ऐकू आलंय एवढं कळतं. तिसरी हाक आली की मग "बोला" म्हणतात, तेही इतक्या प्रेमाने की आधीच्या दोन हाका आपण उगाच वाया घालवल्या असं आपल्यालाच वाटावं. त्यांचं कापडाचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक "शेठ, ओ शेठ" करून वैतागून शेजारच्या दुकानात जातं. जुनं गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच "शेठ, शेठ, शेठ" असं एका दमात म्हणून मोकळं होतं. फोनचंही तेच. दोनदा वाजून थांबेपर्यंत ते त्याच्याकडे कुणाच्या तरी हट्टी मुलाकडे पाहावं तसं बघत बसतात. एकदा गुडघे दाखवायला दवाखान्यात गेले, तर तिथला कंपाउंडर नाव दोनदाच पुकारायचा. असे तीन दिवस ते जाऊन बसले आणि न तपासता परत आले. "माणूस चांगला आहे," म्हणाले, "पण हाक अर्धवट मारतो."

या सवयीचा सगळ्यात मोठा फटका अर्थातच माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे ताईला बसला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघं पॅसेंजरने नेपानगरला निघाली होती. वाटेत चांदनी स्टेशनला गाडी थांबली, तसे हे बाटली भरायला नळावर उतरले. गाडीने शिट्टी दिली. ताईने दारातून हाक मारली, पुन्हा मारली. हे पाठमोरे, शांतपणे बाटलीचं झाकण लावत उभे. तिसरी हाक तिने मारली तेव्हा डबा फलाटाच्या टोकाला पोचला होता. त्यांनी वळून अतिशय आदराने "बोला" म्हटल्याचं तिला लांबून दिसलं, ऐकू काही आलं नाही. "नवी नवरी एकटीच नेपानगरला उतरली," असं ताई अजून सांगते. "घरात दूध उतू जाऊ राहिलं तरी मला तीनदा बोलवावं लागतं. मी तर आता एकदम तीन हाका मारून देते, टेन्शनच नाही."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे घळ. खकनारच्या पुढे, तुकईथडच्या अंगाला सातपुड्यात शिरलं की एक लहानशी नदी डोंगर चिरून खाली येते. पात्राच्या कडेकडेने, कधी पाण्यातून, कधी हातभर रुंदीच्या पायरीवरून वर जाणारी तीन-चार तासांची वाट आहे. नवरात्र संपलं की हे दरवर्षी तिथे जातात. कॅनव्हासचे बूट, कमरेला गमछा, हातात बांबूची काठी आणि पिशवीत अर्धा किलो दराबा, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरची रवा-तुपाची मिठाई. पूर्वी म्हणे बाजारातली दहा-बारा मंडळी सोबत असायची. मी जावई झालो तोवर गळती लागून एकही उरला नव्हता, आणि नव्या जावयाला नाही म्हणायची सोय नसते. शिवाय दराबा असायचा.

मंडळी का गळली, ते मला पहिल्याच फेरीत कळलं. घळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की दुपारी बारा वाजताही खाली संध्याकाळ असते. पक्षी नाहीत. पाणी वाहताना दिसतं, पण त्याचा आवाज समोरून न येता मागून येतो. आणि तिथे काही बोललं, की ते दोनदा परत येतं. एकदा लगेच, आपल्याच आवाजात. मग आपण विसरलो की पुन्हा एकदा, जरा बारीक होऊन. तोंडाशीच त्यांनी मला थांबवून नियम सांगितला. "साडू, आत कुणाचं नाव घ्यायचं नाही. हाक ऐकू आली तर ओ द्यायची नाही. घळ दोनदाच बोलावू शकते. तिसऱ्यांदा बोलावलं, मतलब माणूस आहे. मग बिनफिकीर बोला." मला हसू आलं. ते हसले नाहीत.

तासाभराने मी एका वळणावर मागे राहिलो होतो. साडू पुढे वीस-पंचवीस पावलांवर, वाकून ओंजळीने पाणी पीत होते, मला स्पष्ट दिसत होते. आणि माझ्या पाठीमागून, त्यांच्याच आवाजात, हाक आली. "साडू." थोड्या वेळाने पुन्हा, "साडू." मी वळून पाहायचं धाडस केलं नाही. धावत त्यांना गाठलं आणि सांगितलं. त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "किती वेळा?" मी म्हटलं, दोनदा. "मग चाला," म्हणाले. त्या दिवशी मला दराब्याची चव लागली नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल करतो.

तरीही मी जात राहिलो. वर्षातून एक दिवस भिऊन घेण्याचीही माणसाला सवय लागते. सगळ्यात वरच्या टप्प्यावर एक सपाट काळा खडक आहे, त्याच्या समोर पलीकडे उंचावर एक पायरी. साडू दरवर्षी त्या पायरीवर बसून खडकाकडे बघत राहायचे. मधेच तोंड उघडायचे, छातीत श्वास भरून घ्यायचे आणि तसाच सोडून द्यायचे. मला वाटायचं, चढणीचा दम लागला असेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर आभाळाची जी चिंधी दिसत होती ती निळीशार होती. बुटात खडा गेला म्हणून मी त्या काळ्या खडकावर टेकलो, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. साडू पायरीवर जाऊन पोचले होते. त्यांची हाक आली, "साडू." मी खूश झालो, म्हटलं आज आपणही त्यांना त्यांच्याच औषधाचा डोस देऊ. दुसरी हाक आली. मी मान जराशी तिरकी केली आणि तिसरीची वाट बघत बसलो. पायाखालचं पाणी गढूळ झालं होतं. त्यातून वाळकी पानं यायला लागली होती. तेही मला गमतीचंच वाटलं. तिसरी हाक आलीच नाही. त्याऐवजी पासष्टीचा, दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस पायरीवरून घसरत, खरचटत खाली आला. त्याने माझी कॉलर धरली आणि मला कड्यावरून अक्षरशः ओढत वर नेलं. आम्ही पायरीवर पडलो आणि खालून पाण्याचा लोंढा गेला. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असणार. खडक दिसेनासा झाला. माझे बूट गेले ते गेलेच.

साडू खरचटलेला कोपर गमछ्याने पुसत होते. मी रागाने म्हटलं, तिसरी हाक का नाही मारली? मेलो असतो. ते सरकून पायरीच्या कडेला बसले. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "इथं मी तिसरी मारू शकत नाही, साडू. ती नानाची आहे."

नाना म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. हे मला त्या दिवशी कळलं. घळीचं वेड नानाचं आणि तीन हाकांचा नियमही त्यानेच धाकट्याला शिकवलेला. साडू विशीत असताना दोघं आले होते. नाना याच खडकावर बसला होता, हे पायरीवर होते. "पाणी येऊ राहिलं होतं. मी दोनदा आवाज दिला. त्यानं मान तिरकी केली. नियमाचा पक्का माणूस, तिसरीची वाट बघत होता." त्यांनी गमछा तोंडावर धरला. "तिसरी मारायची होती. पण पाय पळाले माझे." नाना सापडला नाही, खाली तापीपर्यंत शोधूनही नाही. मी विचारलं, मग इतकी वर्षं येता, तर मारत का नाही? ते म्हणाले, "मारली आणि ओ आली नाही तर? मग नाना नाही, असं बिलकुल पक्कं होईल. आता कसं, तो थांबलेला आहे."

मी त्यांच्यावर चिडलो होतो, याची मला लाज वाटली. आयुष्यभर हा माणूस प्रत्येकाला तिसऱ्या हाकेची संधी देत होता आणि आम्ही त्याचे किस्से सांगून हसत होतो.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी, या वेळी ताईने बरोबर जाऊन कंपाउंडरच्या दोन हाकांवर तिसरी स्वतः मारल्यामुळे, गुडघे एकदाचे तपासले आणि डोंगर कायमचा बंद म्हणून सांगितलं. साडू ऐकून घेतात आणि आपलंच करतात. नवरात्र झाल्यावर मला म्हणाले, "एकदा नेऊन आणा." तीन तासांच्या वाटेला सहा तास लागले. ते काठीवर आणि माझ्या खांद्यावर भार देत आले. पायरीवर मी त्यांना बसवायला गेलो, तर ते उभेच राहिले. छातीत श्वास भरला. मला वाटलं, याही वेळी सोडून देतील. पण त्यांनी हाक मारली. "नाना, चल. घरी चल." आवाज मोठा नव्हता, जेवायला बोलवावं तसा होता.

आम्ही थांबलो. त्या घळीत माझी शिंकसुद्धा दोनदा परत आलेली आहे. ती हाक परत आली नाही. लगेच नाही आणि नंतर बारीक होऊनही नाही. मी काठी घट्ट धरून उभा होतो आणि कुणीतरी समोरून ऐकतंय, असं मला वाटत होतं, ते मी इथे खरं लिहून टाकतो. साडूंनी बराच वेळ कान दिला. मग खाली बसले, दराब्याचा पुडा सोडला आणि म्हणाले, "पोचली."

त्यानंतर ते पहिल्या हाकेला ओ देतात. फोन पहिल्या घंटीला उचलतात. बाजारात लोकांना वाटतं, म्हातारपणी माणूस सुधारला. मला मात्र त्यांचं ते तत्पर "बोला" ऐकलं की दर वेळी रेड्यावरचा यम आठवतो, त्याला आता एकच हाक पुरेल. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, यांनी लगेच ओ दिली. तिने दुसरी मारली, यांनी पुन्हा ओ दिली. मी आत जाऊन म्हटलं, ताई, ते ओ देतायत की. ती म्हणाली, "ऐकलं मी." आणि पोळी उलटून तिने तिसरी हाक मारली.