पंधरा मिनिटांची अमावास्या

तांडापेठेतल्या त्या गल्लीत चाळीस हातमाग होते आणि चाळीसही तोंडाळ होते. सकाळी सातला त्यांची जी खटखट सुरू होई ती दिवेलागणीपर्यंत. शेजाऱ्याला चिमूटभर तंबाखू मागायची तरी ओरडून मागावी लागे, त्यामुळे इथली माणसं कुठे पाहुणी म्हणून गेली की तिथल्या लोकांना वाटे, ही भांडायलाच आली. अपवाद एकच, नत्थूजी. ते ओरडत नसत, कारण ते मुळात बोलतच नसत. बावन्न वर्षांत त्यांनी जेवढी लुगडी विणली तेवढी वाक्यंसुद्धा बोलली नसतील, असं समोरचे बाबनराव म्हणत. बाबनराव स्वतः दोघांच्या वाट्याचं बोलत, म्हणून गल्लीचं काही अडत नसे.

बोलत नसले तरी नत्थूजींचे कान फार तिखट. डोळे मिटून बसले तरी कुणाचा माग चालू आहे, कुणाचं सूत तुटलंय आणि कोण घरात भांडून आल्यामुळे सुताचा धोटा इकडून तिकडे जोरात हाणतोय, हे ते ओळखत. एकोणचाळीस माग त्यांना आवाजावरून पाठ होते. चाळिसावा त्यांचा स्वतःचा.

त्याच खोलीत, मागाच्या पलीकडे, त्यांची बायको अनुसया रहाट घेऊन बसे आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरी. कांड्या भरता भरता गाई. तीस वर्षं ती गात होती आणि तीस वर्षांत नत्थूजींना त्यातला एक शब्द ऐकू आलेला नव्हता, कारण दोघांच्या मधे माग होता. तिचे ओठ तेवढे हलताना दिसत. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "गुणगुण करते काहीतरी. कांड्या चांगल्या भरते."

एकोणऐंशी साली होळीच्या सुमारास रेडिओ केंद्राची दोन माणसं आवाज भरायचं यंत्र घेऊन जुनी गाणी गोळा करत गल्लीत आली. नळावर ज्यांचा शब्द चालायचा त्या यमुताईंनी त्यांना थेट अनुसयेसमोर आणून बसवलं. पँट घातलेली माणसं आपल्या चुलीपाशी मांडी घालून बसलेली पाहून नत्थूजींना इतका संकोच झाला की त्यांनी मागावरून मान म्हणून वर केली नाही. साहेबांनी काय विचारलं, ती काय म्हणाली, काही त्यांच्या कानावर आलं नाही. मान वर केली तेव्हा पाहुणे गेलेले होते आणि कापड चार बोटं जास्त झालं होतं.

पावसाळ्यात अनुसयेच्या गळ्यावर गाठ दिसायला लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती दाबून पाहिली, फोटो काढवला आणि सांगितलं, "गाठ काढावी लागेल. जिवाला भीती नाही. आवाजाचं मात्र आत्ता सांगता येत नाही. राहीलही, बसेलही." गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी सकाळी भरती.

"बसला त बसला," अनुसया घरी आल्यावर म्हणाली. "तुमचं त काई अडत नाई त्याच्यावाचून."

नत्थूजी मागावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या हातून अकरा वेळा सूत तुटलं. गल्लीत कान तिखट असलेला एकच माणूस होता आणि तो तेच होते, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

आणि शनिवारी पोस्टकार्ड आलं. श्रीमती अनुसया यांची चार गीतं मंगळवारी दुपारी साडेबाराला, बायकांच्या कार्यक्रमात. एकदाच.

बाबनरावांनी ते कार्ड मोठ्याने तीनदा वाचलं. गल्लीतला एकुलता एक रेडिओ त्यांचाच असल्यामुळे अर्धा मान त्यांच्याकडे जात होता. नत्थूजींनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि चक्क विचारलं, "हे धरून ठेवता येते का?"

"काय?"

"आवाज."

बाबनराव थक्क झाले. कारण प्रश्नही होता आणि तो नत्थूजींनी केला होता.

धरून ठेवणारा माणूस घरातच निघाला. अनुसयेचा भाचा कृष्णकांत गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याच्याकडे कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. तो त्याला टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून, सायकलरिक्षातून आणायचा. रविवारी दुपारी त्याने बाबनरावांच्या रेडिओसमोर पाटावर यंत्र मांडलं आणि समजावलं, "मामाजी, याले रेडिओत जोडायची तार नाई. हे कानानं ऐकते, जसं आपण ऐकतो तसं. हे लाल बटन अन् हे बाजूचं, दोनी संगं दाबाचे. मग जे ऐकू येईन ते समदं भरते."

करून पाहावं म्हणून बातम्या भरल्या. मग टेप मागे फिरवून लावला. सुरुवातीला खटखट ऐकू आली. मग आणखी खटखट. मग यमुताईंचा आवाज, अगदी स्वच्छ: "माही घागर काहून सरकवली वं तू?" मग पुन्हा खटखट. त्या सगळ्याच्या बुडाशी, विहिरीत पडलेल्या माणसासारखा, बातम्या देणारा काहीतरी सांगत होता.

"असंच येईन तिचं गाणं," कृष्णकांत म्हणाला. "माग बंद पायजेत, मामाजी. समदे."

आता चाळीस माग भर दुपारी बंद ठेवायचे म्हणजे काय, हे त्या गल्लीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. माग बंद राही तो फक्त अमावास्येला. त्या दिवशी मागाला हळदकुंकू वाहायचं आणि धोट्याला हात लावायचा नाही. एरवी माणूस आजारी पडला तर घरातलं दुसरं कुणीतरी मागावर बसे, पण माग गप्प राहत नसे.

नत्थूजी दारोदार निघाले. प्रत्येक ओट्यापुढे उभं राहून तेच सांगायचे, "मंगळवारी साडेबाराले पंधरा मिनिटं माग बंद ठेवसान का गा?"

"काहून?"

"अनुसयेचा आवाज धराचा हाये."

अडतीस घरांनी मान डोलावली. काहींनी तर नत्थूजी बोलले याच धक्क्याने होकार दिला. अडले ते गल्लीतले सगळ्यात वडील, आनंदराव. त्यांच्या एका मांडीवर पानाची चंची होती आणि दुसऱ्या मांडीवर कोंबडा. कोंबडा त्यांच्याच वळणाचा होता, कुणाचं ऐकत नसे.

"अमावास्या नसताना माग बंद?" आनंदराव म्हणाले. "माह्या बापानं केलं नाई, मी करून राहिलो का? गाणं आज हाये, उद्या नाई."

"म्हणूनच," नत्थूजी म्हणाले.

आनंदराव पान लावत राहिले. नत्थूजी तिथेच उभे. पान लावून झालं, खाऊन झालं, पिंक टाकून झाली, तरी उभे.

"मोठा हट्टी हायेस गा तू."

"पंधरा मिनिटांची अमावास्या समजा, आनंदराव."

आनंदरावांनी कोंबड्याकडे पाहिलं. कोंबड्याने मान फिरवली. "पाहतो," ते म्हणाले. हा हो होता की नाही, ते नत्थूजींना मंगळवारपर्यंत कळलं नाही.

मंगळवारी बाराला कृष्णकांत दुकानातून सुट्टी काढून आला. वीज तिच्या लहरीने जायची, म्हणून त्याने रेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले. बाबनरावांनी रेडिओचा काटा केंद्रावर लावला आणि वर उदबत्ती लावली. अनुसया दाराशी पदर तोंडावर धरून बसली. तिला आतच बोलावलं, पण ती म्हणाली, "मी इथंच बरी. आत मले हसू येईन." यमुताईंनी नळापाशी घागरींची रांग लावून त्यावर स्वतःला पहाऱ्याला बसवलं.

सव्वाबाराला पहिला माग थांबला. मग दुसरा. टोकापासून एकेक आवाज विझत आला. साडेबाराला पाच कमी असताना गल्ली अशी शांत झाली की पलीकडच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली आणि बायका दचकल्या. कित्येकांना आपल्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे त्या दिवशी कळलं.

कृष्णकांतने दोन्ही बटणं दाबली. चक्रं फिरू लागली. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि ते काढलंच नाही.

रेडिओतल्या बाईंनी अनुसयेचं नाव घेतलं. दारातली अनुसया भिंतीकडे तोंड करून बसली. मग गाणं सुरू झालं. नत्थूजी पुढे वाकले. बारीक, गोड, जरा नाकातला आवाज. हा आवाज आपल्या घरात राहतो? ते शब्द पकडू पाहत होते, पहिली ओवी गेली, दुसरी गेली, आणि त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

खटखट.

लांबून, पण ठरलेल्या तालात. खट, खटक्. खट, खटक्. कुणीतरी माग चालवत होतं! पायाखालच्या डाव्या पावडीचा दर चौथ्या फेऱ्याला 'कुई' असा आवाजही येत होता. कुणाचा हा? एकोणचाळीस मागांतला एकही असा कुईकुई करत नव्हता. म्हणजे कुणी पावडी बदललेली. कुणी? 'पाहतो' म्हणाले होते ते कोण?

ते उठले. कृष्णकांतने डोळे मोठे केले. एक हात जोरजोरात हलवला, दुसरा ओठांवरच. बाबनरावांनी त्यांचं धोतर धरलं. धोतराचा सोगा बाबनरावांच्या हातात राहिला आणि नत्थूजी दाराशी पोहोचले. तीस वर्षं साठवून ठेवलेला आवाज त्यांनी एकदम काढला:

"ओ आनंदराव! बंद करा गा तो माग!"

ते तसेच गल्लीत धावले. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती, फोटोला बसावी तशी. आनंदरावांच्या दारात आनंदराव बसले होते. मांडीवर कोंबडा, कोंबड्याच्या चोचीवर त्यांची दोन बोटं घट्ट. त्यांच्या मागाला हळदकुंकू वाहिलेलं होतं. म्हातारा काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला, कारण पंधरा मिनिटं झाली नव्हती.

नत्थूजी थांबले. कान टवकारले. इथे खटखट नव्हती. दोन पावलं मागे आले तर किंचित आली. बाबनरावांच्या घराकडे यावं तशी वाढत गेली.

नळापाशी घागरींच्या पहाऱ्याला बसलेल्या यमुताईंनी तोंडाला पदर लावून अगदी हळू सांगितलं, "नत्थूजी, कायले धावता? तो तुमचाच माग होय. होळीच्या वक्ताचा. साहेब अनुसयेले म्हणे माग बंद करा, त ही म्हणे, मंग मले गाता येत नाई. त साहेबांनी चालू ठेवाले लावला."

पावडी कुईकुई करते, हे नत्थूजींना पहिल्यांदा कळत होतं. आत पाय देऊन बसलेल्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. ते तसेच उन्हात उभे राहिले. आत जायचं धैर्य झालं नाही. उरलेली गाणी त्यांनी भिंतीबाहेरून, शब्द न कळता ऐकली.

कार्यक्रम संपला. गल्लीतला एकही माग लगेच सुरू झाला नाही. सगळे बाबनरावांच्या ओट्यापाशी गोळा झाले. कृष्णकांतने टेप मागे फिरवला.

"सांग," नत्थूजी म्हणाले. "गेलं का?"

"ऐकून पाहू, मामाजी."

पहिली ओवी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. मग तिसरी, आणि आता नत्थूजींना शब्द ऐकू आले:

*धनी माझा अबोल गं, माग त्याचा बोलका,*
*धोट्याच्या गं मागं धावे जीव माझा हलका*

आणि 'हलका'च्या पाठोपाठ, गल्ली हादरवणारं: "ओ आनंदराव! बंद करा गा तो माग!"

आधी यमुताई फुटल्या. मग बाबनराव. आनंदराव इतके हसले की कोंबडा सुटला. पुढची गाणी शेवटपर्यंत नितळ आली होती, पण त्या हशात ती कुणाला ऐकू आली नाहीत, म्हणून टेप पुन्हा मागे घ्यावा लागला.

नत्थूजी खाली मान घालून उभे होते. "वाया घालवलं म्या," ते म्हणाले.

अनुसया दारातून उठली. "वाया कायचं?" ती म्हणाली. "तुमचा आवाज बी धरला गेला. तो त माह्यापेक्षा दुर्मिळ हाये."

मग नत्थूजी आनंदरावांपाशी गेले आणि खाली वाकले. म्हाताऱ्याने त्यांना मधेच धरलं. "राहू दे गा. रेडिओच्या गाण्यात माह्यं नाव आलं. माह्या बापाचं आलं नोतं."

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव राहिला. आवाज बसला. पंधरा दिवस बोलायची बंदी होती, नंतर जो आला तो सुकलेल्या पानावरून पाय सरकावा तसा. त्या आवाजात कांड्या मागता येत, चहा झाला म्हणून सांगता येई. गाता येत नसे.

कृष्णकांतने रेकॉर्डर त्यांच्याकडेच ठेवला. "मले कुठं काय ऐकाचं हाये?" तो म्हणाला. दुपारी नत्थूजी मागावर बसत, अनुसया रहाटावर. यंत्र तिने मागाच्या अलीकडे, त्यांच्या कानाशी ठेवलं होतं. टेपमधला माग आणि खोलीतला माग एका तालात लागत, कुईसकट. कुणीतरी पावडीला तेल घालायला सांगितलं तर नत्थूजी ऐकून न ऐकल्यासारखं करत.

पहिली ओवी होई. दुसरी होई. तिसरीला 'हलका' येई आणि त्यामागून ती आरोळी. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, नत्थूजींचे पाय पावडीवर जागच्या जागी थांबत.

रहाटापलीकडून सुकलेल्या पानाचा आवाज येई, "आनंदरावाले म्हटलं त्यानं, तुमाले नाई. चालू द्या."