आडव्या फिल्ममधली हवा

भूत-बित काही नसतं, हे मी आजही मानतो आणि ज्यांना तसं वाटत नाही त्यांच्याशी चहा संपेपर्यंत वाद घालतो. आयुष्यभर एक्स-रे काढत आलोय. माणूस आतून कसा असतो ते रोज पाहणाऱ्याला असल्या गोष्टी पटत नाहीत… तरी हे लिहून टाकतोय.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला, बाकी सगळं कोरडं. त्या दुष्काळात आमच्या दवाखान्यात मला फिल्म धुवायला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळायचं. म्हणून एका पेशंटची एकच फिल्म, हा माझाच दंडक.

एका दुपारी देवणीकडच्या खेड्यातून शिवराज आला, तिशीतला. सोबत फक्त आई. दुष्काळी कामावर तो खडी फोडायचा. कंबर दुखते म्हणून महिनाभर उपाशीपोटी दुकानातल्या गोळ्या घेत होता, वर बिड्या. सकाळी पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत चक्क कमी झाली.

"उतार पडलाय सायेब. चारच्या गाडीनं नेते घरी," आई म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. जठराला भोक पडलं की मधे असा फसवा उतार पडतो. दुखणं थांबतं, आत विष पसरत राहतं. शिवराजचं पोट फळीसारखं कडक लागत होतं. "फिल्ममध्ये हवा दिसली तरच ही बाई ऑपरेशनला थांबेल," ते मला हळूच म्हणाले. "घरी गेला तर वाचत नाही."

ती हवा भोकातून बाहेर येते आणि वर चढते. पेशंटला बसवलं की छातीच्या पडद्याखाली चंद्राच्या कोरीसारखी दिसते. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये तशी कोर दिसतच नाही. म्हणून मी त्याला बसवायला गेलो, तर आईनं माझा हात धरला.

"बसवू नगा. आमच्यात माणूस गेल्यावर बसवतेत. मागल्या चैतात ह्याच्या आप्पाला बसवून माती दिली. जित्या लेकराला बसवू द्यायची न्हाई."

मी समजावलं, चिडलोही. आता लाज वाटते त्याची. कुशीवर वळवूनही हवा दिसली असती, पण त्यालाही ती तयार होईना. शेवटी तिला बाहेर थांबवलं आणि आडवीच फिल्म काढली. बटण दाबताना काचेतून मी स्वतः पाहिलं – तो आडवाच होता.

डार्करूममध्ये फिल्म वर उचलली आणि लाल दिव्याच्या आणखी जवळ नेली. पडद्याखाली हवेची स्वच्छ कोर… बसवून काढल्यावर येते तशी. तो मधेच उठून बसला असेल म्हणावं, तर किरणं सोडणारी ट्यूब टेबलाच्या वर, सरळ खाली रोखलेली होती. बसला असता तर फिल्मवर पोट असं आलंच नसतं.

ती कोर डॉक्टरांनी बोटानं दाखवली. आईनं कागदावर अंगठा दिला. ऑपरेशनमध्ये हरभऱ्याएवढं भोक सापडलं.

तीन-चार दिवसांनी शिवराज बोलायला लागला. मला म्हणाला, "त्या खोलीत आप्पा आल्ते. पाठीमागून धरून बसवलं मला. म्हन्ले, घाबरू नगंस, मी धरलंय."

त्या खोलीत त्याच्याशिवाय मीच होतो, तोही काचेमागे. मी त्याला हात लावला नव्हता.

घरी जायच्या दिवशी त्याची आई माझ्या खोलीत आली. "तो फोटो दावा की." मी फिल्म उजेडाकडे धरली. तिनं कोरीकडे पाहिलंच नाही, कडेकडेनं काहीतरी शोधत राहिली.

"ह्येंचे हात दिसतेत का कुठं?"

नाही म्हणायला मला जड गेलं. "नाही मावशी."

तिनं पदरानं डोळे पुसले. "न्हाईच दिसायचे. लई लाजायचे फोटोला. घरातबी एक फोटो न्हाई त्येंचा."

नंतर कितीतरी डॉक्टरांना विचारलं. कुणी म्हणतं यंत्राची चूक, कुणी म्हणतं माझी. पण त्या दिवसापासून पेशंटला बसवताना मी पाठीमागून दोन्ही हातांनी धरतो आणि म्हणतो, घाबरू नका, मी धरलंय.