कुत्र्यांची बास्क

बाउतिस्ता गोइती विशीत असताना फ्रान्समधल्या बास्क डोंगरातून अर्जेंटिनातल्या पातागोनियात आला, तो चपटी टोपी आणि अफाट हट्ट घेऊन. टोपी झिजली, हट्ट अजून नवाकोरा आहे. मेंढ्या राखता राखता त्याने शेजारच्या मापुचे आदिवासींच्या वस्तीतल्या फेलिसाशी लग्न केलं. तेव्हापासून त्या घरात कुत्र्यांशी बास्क, कोंबड्यांशी मापुचे आणि मुलांशी स्पॅनिश असा कारभार चालतो. मुलांना रागवायचं असलं की तिन्ही भाषा कामाला लागतात.

या लग्नापायी बाउतिस्ताच्या बहिणीने, मायालेनने, अबोला धरला. शेवटच्या पत्रात तिने फेलिसाला ‘रानटी बाई’ म्हटलं होतं. बाउतिस्ताने तेवढे शब्द गाळून पत्र वाचून दाखवलं. पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. फेलिसाने उरलेलं त्याच्याकडून वदवून घेतलं.

आणि आता, चाळीस वर्षांनी, तीच नणंद यायची होती. तिला बास्क आणि फ्रेंच सोडून काही येत नव्हतं.

“तू नुसती हस,” बाउतिस्ता म्हणाला.

“चाळीस वर्षं रानटी होते, आता मुकीपण होऊ? मला येते तुझी भाषा, म्हाताऱ्या.”

“कुत्र्यांपुरती येते!”

“मग? काळ्या तर ‘आण’ म्हटल्याबरोबर तुझे जोडे आणतो. तू ऐकतोस का कधी इतक्या पटकन?”

बोलली खरी, पण मनातून ती पार धास्तावली होती. तिने कोकरू भाजलं, टेबलावरची चादर दोनदा बदलली, आजीची चांदीची कर्णफुलं घातली.

मायालेन दारात उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, पिशवी छातीशी धरून. बाउतिस्ता तोंड उघडणार, तोच फेलिसाने कळपामागे ओरडायच्या आवाजात बास्कमध्ये फर्मावलं, “ये! बस! खा!”

तिन्ही कुत्री धावत आत आली आणि टेबलाभोवती बसली. मायालेनही बसली. बाउतिस्ताने टोपी डोळ्यांवर ओढली.

मायालेनने दोन घास खाल्ले आणि ती रडत रडत बरंच काही बोलली.

“काय म्हणते?” फेलिसाने घाबरून विचारलं.

“म्हणते, आई जेवायला अशीच बोलवायची.” त्याने टोपी वर सरकवली. “आणि ते पत्र लिहिलं, त्याचं...”

“कुठलं पत्र?” फेलिसा म्हणाली. कान लाल होऊ न देता खोटं बोलणं तिला छान जमायचं.

मायालेनने डोळे पुसले, रिकामी ताटली थेट भावजयीपुढे धरली आणि म्हणाली, “आण!”

हा शब्द फेलिसाला येत होता. तिने हसत मटण आणलं. काळ्याने बाउतिस्ताचा जोडा आणला.