बारदानवाले महादेवप्पा आणि लाकडी विहीर

महादेवप्पा उंबरजे यांचं सोलापुरात बारदानाचं दुकान होतं. डाळीला, मिरचीला, ज्वारीला लागणारी जुनी-नवी पोती ते विकायचे. दुकानात पाऊल टाकलं की तागाचा वास नाकात जायचा आणि नवख्या माणसाला शिंका यायच्या. पण गिऱ्हाइकं शिंकांना भ्यायची नाहीत, ती महादेवप्पांच्या प्रश्नांना भ्यायची. मिरचीवाला पोती मागायला आला, की भाव सांगायच्या आधी महादेवप्पा विचारायचे, "मिरची वाळवता कशावर? खळ्यावर? मग रात्री दव पडतंय, त्याचं काय करता?" गिऱ्हाईक घाईत असलं तर शेजारच्या दुकानात निघून जायचं.

"तुमी दुकान कशाला मांडलंय? शाळा मांडा," त्यांची बायको रुद्राणी म्हणायची. "फकस्त मास्तर गिऱ्हाइकानं व्हायचं."

महादेवप्पांना त्याचा राग यायचा नाही. एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे, एवढंच.

बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी जावा मोटारसायकल घेतली, ती अशीच, दोन धुराडी कशाला आहेत हे विचारता विचारता. मग रविवारच्या मंडळीत त्यांचा शिरकाव झाला. ही मंडळी म्हणजे शहरातले आठ-दहा मोटारसायकलवाले. पेट्रोल महागलं तरी त्यांचा रविवार चुकला नाही. सकाळी विजापूर वेशीपाशी चहा प्यायचा आणि मंद्रूपच्या रस्त्यानं आबासाहेबांच्या माळावर जायचं. आबासाहेब म्हणजे मंडळीचे पुढारी. बुलेट त्यांची, माळ त्यांचा, आणि माळाला लागून असलेली ज्वारीही त्यांचीच. माळाच्या मधोमध शेंदूर फासलेला म्हसोबा होता. त्याच्याभोवती, देवाला घालतात तशा प्रदक्षिणेच्या दिशेनं, गाड्या पळवायच्या. वळणांवर भुस्सा भरलेली पोती रचलेली असत. ती अर्थातच महादेवप्पांच्या दुकानातली.

शर्यतीत महादेवप्पा बहुतेक शेवटी यायचे. भित्रे होते म्हणून नव्हे. पुढच्या गाडीचं मागचं चाक वळणावर कसं घसरतं, हे बघायच्या नादात त्यांचा हात ढिला पडायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या मोठ्या जत्रेत, होम मैदानावर मौतका कुवा आला. लाकडी फळ्यांची उंच, गोल विहीर. वरच्या सज्जात लोक उभे राहायचे आणि खाली एक बाई शर्ट-पँट घालून, केसांना रुमाल बांधून मोटारसायकल सुरू करायची. आधी तळाला फेऱ्या, मग उतरत्या फळ्यांवर, मग सरळ उभ्या भिंतीवर. सगळी विहीर करकरायची. रुद्राणीनं डोळे गच्च मिटून नवऱ्याचं मनगट धरलं. महादेवप्पांनी मात्र पापणीही लवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. तिसऱ्या दिवशीही. लोक म्हणत होते की फळ्यांच्या मागं लोहचुंबक बसवलाय. महादेवप्पांना ते पटेना, पण नुसतं न पटून कसं चालेल, बघायला पाहिजे. म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी पोती शिवायचा दाभण खिशातून नेला आणि खेळ सुरू व्हायच्या आधी, सुतळीला बांधून तो सज्जातून हळूच भिंतीलगत सोडला. दाभण सरळ लोंबत राहिला. भिंतीकडं ढुंकूनही बघेना.

"क्या जी," मागून आवाज आला. "दिवार सीने कू आये क्या?"

विहिरीचे मालक मौलासाब कमरेवर हात ठेवून उभे होते. महादेवप्पा ओशाळले, पण दाभण वर ओढता ओढताही त्यांनी विचारलंच, "चुंबक न्हाय, मग गाडी पडत कशी न्हाय हो?"

मौलासाब हसले. त्यांनी खाली वाकून हाक मारली, "गंगम्मा, इदर आ. तुझी परीक्षा घ्यायला मास्तर आलाय."

गंगम्मा, म्हणजे ती गाडी चालवणारी बाई, विजापूरजवळच्या इंडीकडची. तिचे वडील विहिरीच्या फळ्या जोडणारे सुतार, आणि ती लहानपणी तिकिटं फाडायची. एका जत्रेत गाडी चालवणारा गडी मधेच पळून गेला आणि खेळ बंद पडायची वेळ आली, तेव्हा हिनं गाडीवर टांग टाकली. महादेवप्पा तिच्याशी कानडीतून बोलू लागले आणि तिला 'तंगी' म्हणू लागले, म्हणजे धाकटी बहीण. ती त्यांना अण्णा म्हणू लागली.

"तंगी, भिंतीवर गेल्यावर कसं वाटतंय?"

"कसं वाटायचं? रस्त्यावानी."

"पडायची भीती?"

"थांबलं की पडतंय अण्णा. म्हणून थांबत न्हाय."

एवढ्यानं महादेवप्पांचं समाधान होणार नव्हतंच. त्यांनी चाकातल्या हवेपासून तिच्या जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं विचारून घेतलं. विहिरीतली गाडीही जावाच निघाली, फक्त दिवा, मडगार्ड, सगळं काढून टाकलेलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की भिंतीवर एवढी पळवणारी ही बाई सपाट माळावर काय करील? तो प्रश्न रविवारपर्यंत त्यांना झोंबत राहिला. शेवटी त्यांनी मौलासाबांची परवानगी काढली आणि शर्यतीतली आपली जागा, आपल्या जावासकट, गंगम्माला देऊन टाकली.

आबासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाईमाणूस हाय म्हादेवप्पा. पडली-बिडली तर?"

रुद्राणीही त्या दिवशी हट्टानं आली होती. ती म्हणाली, "उभ्या भिंतीवरनं पडत न्हाय ती. तुमच्या माळावर कशाला पडंल?"

मंडळी हसली आणि गाड्या ओळीत लागल्या. महादेवप्पा पहिल्या वळणावर पोत्यांपाशी जाऊन उभे राहिले. इशारा झाला आणि गंगम्मा सुटली ती अशी, की बुलेटसुद्धा मागं पडली. महादेवप्पांनी आनंदानं टोपी काढून हातात घेतली. वळण आलं. गंगम्मा वळलीच नाही. ती पोत्यांच्या बाजूनं सरळ पुढं गेली आणि डोक्याएवढ्या ज्वारीत, गाडीसकट, दिसेनाशी झाली. ज्वारीचे शेंडे हलत हलत लांबवर गेले आणि मग थांबले.

सगळे धावले. गंगम्मा धाटांमध्ये बसली होती, कोपर खरचटलेलं, केसांत पानं. गाडीचं काही बिघडलं नव्हतं. पण मंडळीतल्या एकानं म्हटलंच, "बघा, मी म्हणत नव्हतो? विहिरीत चुंबकच हाय. हितं चुंबक न्हाय, झालं उघड!"

गंगम्माच्या नाकपुड्या फुलल्या. ती उठली, गाडी ओढून माळावर आणली, किक मारली आणि कुणाकडं न बघता म्हसोबाभोवती निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या. गाडी इतकी कललेली की पायाचा अंगठा मातीला लागतोय असं वाटावं. एवढ्या वेगात त्या माळावर कुणीच कधी फिरलं नव्हतं.

"अवो," रुद्राणी नवऱ्याला म्हणाली, "ही उलटी फिरतीया की. देवाला डावी घालून."

महादेवप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विहिरीत ती डावीकडंच वळायची! दररोज, प्रत्येक खेळात, डावीकडंच. इतके प्रश्न विचारले आणि हा एवढा सोपा प्रश्न आपल्याला सुचला नाही, याचं त्यांना मोठं नवल वाटलं. गाडी थांबल्यावर ते पळत गेले.

"तंगी, उजवीकडं कधी वळलीस का गं?"

ती विचारात पडली. "कशाला वळू? विहीर तिकडं वळतच न्हाय."

"पण रस्त्यावर?"

"रस्त्यावर कुटं चालवती मी? गाडी ट्रकात चढवतात. ह्या जत्रेतनं त्या जत्रेत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "अकरा वर्सं गाडी चालवती अण्णा. पण गाडीनं कुटं गेले न्हाय."

आबासाहेब मोडलेली ज्वारी बघून आले. म्हसोबापुढं नारळ ठेवून त्यांनी उलट्या फेऱ्यांची माफी तेवढी मागितली आणि गड्याला आगटी पेटवायला सांगितली. मोडलेल्या कणसांचा हुरडा झाला. चटणीबरोबर तो खाताना गंगम्मा आणि आबासाहेब बुलेटच्या वजनावर बराच वेळ भांडले.

दुसऱ्या दिवसापासून, खेळ सुरू व्हायच्या आधी, महादेवप्पा गंगम्माला माळावर नेऊ लागले. रुद्राणी दुकान सांभाळायची. गंगम्माला उजवीकडं वळवणं सोपं नव्हतं. महादेवप्पांनी बघितलं, की तिची मानच उजव्या खांद्यावरून वळत नाही. इतकी वर्षं डावीकडं बघून ती आखडून गेली होती. मग त्यांनी आधी गाडीच बंद ठेवली आणि तिला नुसतं चालायला लावलं, म्हसोबाला उजवी घालत, मान वळवून. "जिकडं बघशील तिकडं गाडी जातीया," ते सांगायचे. मग गाडीवर, अगदी सावकाश. सावकाश जाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पहिल्यांदा गंगम्माचं उजवं वळण नीट जमलं तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली आणि लगेच परत वळली, खरंच जमतंय का ते बघायला.

"आता तुमी या," ती म्हणाली. "विहिरीत."

महादेवप्पांना हेच पाहिजे होतं आणि ह्याचीच भीतीही होती. जत्रेच्या शेवटच्या दिवसांतल्या एका सकाळी, विहीर रिकामी असताना, ते आत उतरले. वर सज्जात रुद्राणी आणि मौलासाब. गंगम्मानं तळाला मधोमध उभं राहून सांगितलं, "उतरत्या फळीवर चढा. चाकाकडं बघू नका, लांब बघा. आणि भ्यालात तरी हात ढिला सोडू नका."

विहिरीतल्याच जावावरून त्यांनी दोन फेऱ्या तळाला मारल्या आणि तिसऱ्या फेरीला गाडी फळीवर घातली. विहीर करकरली. छातीवर कुणी पोत्यांची थप्पी ठेवावी तसं अंग जड झालं. आणि मग ते घडलं. फळी खालची झाली, आणि तळाची जमीन उभी राहिली. गंगम्मा त्या उभ्या जमिनीला आडवी चिकटल्यासारखी दिसली. वर बघितलं तर रुद्राणी रस्त्याच्या कडेला आडवी झोपल्यासारखी, पदर तोंडात धरून. सगळं जग कलंडलेलं, आणि आपण तेवढे सरळ! उभ्या भिंतीची पहिली फळी हाताच्या अंतरावर होती. महादेवप्पांनी तिच्याकडं बघितलं, तिनं जणू त्यांच्याकडं, आणि त्यांनी गाडी हळूहळू खाली उतरवली.

गाडीवरून उतरल्यावर ते फळीला टेकून बसले आणि सकाळचा चहा ओकारीनं बाहेर पडला. तोंड पुसून ते वर बघत ओरडले, "रुद्राणी! खरंच रस्त्यावानी वाटतंय गं!"

"वर या आधी," रुद्राणी म्हणाली. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं होतं.

जत्रा उठली. फळ्या सुटल्या आणि ट्रकात चढल्या. पुढचा मुक्काम मंगळवेढ्याच्या पलीकडं होता. गंगम्मा मौलासाबांपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की मंगळवेढ्यापर्यंत ती रस्त्यानं जाणार, अण्णांच्या गाडीवरून. मौलासाबांनी बरेच आढेवेढे घेतले. "अकेली जाती क्या?"

"मी जाते की तिच्या मागं बसून," रुद्राणी म्हणाली. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

महादेवप्पा तिच्याकडं बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीवर बसल्यावर तुला कसं वाटतं, हे त्यांनी रुद्राणीला कधी विचारलं नव्हतं. त्यांनी किल्ली गंगम्माच्या हातात दिली आणि स्वतः ट्रकात, फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसले. जावा धुरळा उडवत पुढं गेली आणि पहिल्या वळणाला, उजवीकडं वळून, झाडांआड झाली.

ट्रक मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडपाशी पोचला तेव्हा तिथं जावा नव्हती. चहा झाला, दुसरा झाला. मौलासाब बिड्या ओढत येरझाऱ्या घालू लागले. महादेवप्पांच्या मनात नको ते येऊ लागलं. आणि मग गाडीचा आवाज आला, तो भलत्याच बाजूनं. सोलापूरकडून नव्हे, पुढून.

दोघींची तोंडं धुळीनं पांढरी झाली होती. रुद्राणीचा अंबाडा सुटून वेणी लोंबत होती.

"कुटं होता तुमी?" महादेवप्पा ओरडले.

"मंगळवेढा लवकर आलं," गंगम्मा म्हणाली. "म्हणून पुढं जाऊन आलो."

"काय हाय पुढं?"

"चहा सांगा आधी," रुद्राणी म्हणाली, आणि ती बाकावर अशी बसली, जसं काय ती रोजच तिथं बसत असावी.

पुढची दोन वर्षं विहीर आली. गंगम्मा एका खेळात डावीकडं फिरायची, एका खेळात उजवीकडं, आणि मौलासाब भोंग्यावरून ते ओरडून सांगायचे. तिसऱ्या वर्षी दुसरीच विहीर आली, दुसरे गडी. गंगम्मानं स्वतःची गाडी घेतली आणि विहीर सोडली, एवढंच त्या गड्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी शर्यत सोडून महादेवप्पा आणि रुद्राणी जावावरून इंडीला गेले. विचारत विचारत घर सापडलं, पण दाराला कुलूप होतं. शेजारच्या शरणम्मा नावाच्या म्हातारीनं दोघांना ओसरीवर बसवून पाणी दिलं.

"कुटं गेलीया?" महादेवप्पांनी विचारलं.

"गाडी घेऊन गेली, पहाटंच."

"कुनीकडं?"

"सांगून जात न्हाय ओ ती," म्हातारी म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.